बोललेले रोजे

सकीना रडत होती तोवर जैतूनला धीर होता. दुपार चढली तशी ती चार महिन्यांची पोर गप झाली, आणि जैतूनचा धीर सुटला.

आकुर्डी स्टेशनाच्या अलीकडं, एका कंपनीच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली ती पत्र्याची चाळ. आषाढ लागला तरी आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पत्रा नुसता भाजून निघत होता. रमजानचा पहिला आठवडा सरत आला होता. जैतूनचा नवरा दस्तगीर भोसरीला एका कारखान्यात ओतकामावर होता. मुंबईच्या गिरण्यांचा संप मिटता मिटत नव्हता, तिकडची माणसं येऊन इकडच्या फाटकांशी काम मागत उभी राहत होती, त्यामुळं रजा हा शब्द तोंडातून काढायचीही त्याला धास्ती. घरात दोघीच, जैतून आणि तिची सासू मदीनाबी. आणि ही पोर.

सकीनाला दोन दिवसांपासून जुलाब लागले होते. सकाळी सासूसुना तिला कामगारांच्या दवाखान्यात दाखवून आल्या. डॉक्टरीणबाईंनी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजायला सांगितलं, पोरीची टाळू बोटानं चाचपली आणि जैतूनला विचारलं, "अंगावर पाजतेस ना? मग आधी तू पोटभर खा-पी. तुझ्याच अंगात पाणी नाही, तर हिला कुठून मिळणार? संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर लगेच घेऊन ये. सलाईन लावावं लागेल."

जैतून हो म्हणाली. आणि घरी येऊन तिनं पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नाही.

मदीनाबीला सुनेचं हे कोडं उलगडत नव्हतं. चंद्र दिसला त्या संध्याकाळीच तिनं बजावलं होतं, "अंगावर पिणारं लेकरू आहे. झेपले तर ठेव, नाहीतर हिवाळ्यात दिवस लहान झाले की फेडून टाक. अल्लानं सवलत दिली आहे, तिचं काय लोणचं घालायचं?" जैतून खाली मान घालून "ठेवते अम्मा, होईल" एवढंच म्हणाली होती. पहिले काही रोजे निभावले. मग दूध कमी होत गेलं. पोर छातीला लागायची, चार घोट ओढायची आणि तोंड फिरवून किंचाळायची.

यामागचं कारण सासूला काय माहीत? नवऱ्यालाही माहीत नव्हतं. सकीनाच्या आधीची दोन लेकरं जैतूनच्या हातून गेली होती. एकानं जगाचा उजेडच पाहिला नाही, दुसरं मांडीवरच थंड पडलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती बार्शीकडं माहेरी गेली होती. तिथं गावाबाहेरच्या दर्ग्यात तिनं जाळीला धागा बांधला आणि मन्नत बोलली, नवसच तो. बाकीच्या बाया चादर बोलत होत्या, कोंबडा बोलत होत्या. हिच्यापाशी देण्यासारखं होतं काय? ती पुटपुटली, हे लेकरू जगू दे, येत्या रमजानचे सगळे रोजे ठेवीन, एकही सोडणार नाही.

लेकरू जगलं. आणि आता ही अशी कोंडी. रोजा ठेवला तर दूध आटत होतं, सोडला तर मन्नत मोडत होती. आणि मन्नत मोडली की जिच्यासाठी बोलले तीच परत नेली जाणार, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं. पोरीच्या डोळ्यांकडं बघितलं की हात लोट्याकडं जाई, आणि लोट्याला बोट लागलं की वाटे, आता, आत्ताच नेतील तिला.

शेजारची शालनबाई पदरानं मान पुसत आत आली. तिचा नवरा जैतूनच्या नवऱ्याच्याच शिफ्टला होता, दोन्ही घरांत भाजीच्या वाट्या इकडून तिकडं फिरत. तिनं पोरीला उचललं, उजेडाकडं नेलं.

"भाभी, टाळू बघा हिची. खड्डा पडलाय. सकाळपासनं दुपटं भिजलं का?"

जैतूननं मान हलवली. नाही.

"आन् तुमी अजून कोरड्याच का?"

"रोजा आहे," जैतून म्हणाली. ओठ सुकून चिकटत होते, शब्द सुटा निघत नव्हता.

"ते मला दिसतंय. मीबी पौर्णिमेला उपोसथ धरते, दुपारनंतर अन्नाला शिवत न्हाई. पण माझा विलास अंगावर होता तवा भंतेजींना इचारलं. ते म्हणले, बाई, आधी लेकराकडं बघा, पौर्णिमा काय, पुढच्या महिन्यात हायेच." शालनबाईनं पोरीला परत मांडीवर दिलं. "तुमच्यात न्हाई का असलं इचारायला कोण?"

"मी आहे की," मदीनाबी कोपऱ्यातून म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण? सासू सांगते म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच."

शालनबाई दाराकडं वळली. "मी रेल्वेच्या फाटकाकडं जाऊन दवाखान्यासाठी रिक्षा बघते. लवकर मिळायची न्हाई, म्हणून आत्ताच निघते." ती गेली.

मग मदीनाबी उठली, माठातून लोटा भरला आणि सुनेच्या पुढ्यात ठेवला. "पी."

"नको अम्मा."

"तू अल्लाला भितेस का आणखी कुणाला? कारण त्याला भिणारी असतीस तर त्याचं म्हणणं ऐकलं असतंस. रोज्यांचा हुकूम मदिनेत उतरला, आणि ज्या जागी तो उतरला तिथंच लगेच सांगितलंय, आजारी असेल, प्रवासात असेल, त्यानं नंतर ठेवावेत. लेकुरवाळ्या बाईला जिवाची किंवा लेकराची भीती वाटली तर तिलाही मोकळीक आहे. आधी दिवसाला नमाजा किती होत्या ठाऊक आहे ना? पन्नास. नबी फिरून फिरून विनवायला गेले, माझ्या माणसांना झेपणार नाही म्हणाले, तेव्हा पाच राहिल्या. झेपावं म्हणून दिलेली गोष्ट आहे ही. जीव घ्यायला नाही दिली."

पोर मांडीवर होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि ती इतकी हलकी लागत होती की जैतूनला ते दुसरं लेकरू आठवलं.

"मी मन्नत बोलले आहे," ती म्हणाली. आणि मग सगळंच सांगून टाकलं, दर्गा, धागा, काय दिलं, काय मागितलं.

मदीनाबीचा चेहरा उतरला. सासूला असं भ्यालेलं जैतूननं कधी बघितलं नव्हतं. मन्नत म्हणजे थट्टा नव्हे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारी सुनेजवळ सरकून बसली. बाहेर कंपनीच्या भिंतीपलीकडं प्रेसचे ठोके पडत होते, एकसारखे.

"नेमकं काय बोललीस? रोजे ठेवीन, की रमजानचे रोजे ठेवीन?"

"रमजानचे. सगळे."

"त्यावर जादा काही? नंतरचे, वेगळे?"

"नाही. तेवढेच."

मदीनाबीनं मोठा श्वास सोडला. "अगं वेडे. रमजानचे रोजे तर तू शहाणी झालीस तेव्हापासून तुझ्यावर फर्जच आहेत, आधीच अंगावर आहेत. मन्नत बोलायची ती आपल्या अंगावर नसलेल्या गोष्टीची. माझे अब्बा गावात कुराण शिकवायचे. बाया दाराआडून असलंच विचारायच्या, आणि ते दर वेळी सांगायचे, फर्जाची मन्नत होत नाही. जे त्याचंच आहे ते तू त्याला नजराणा म्हणून कसं देणार? तुझी मन्नत लागलीच नाही. मोडायला काही उरलंच नाही."

जैतूनला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट पायाखालची फळी निघाल्यासारखं झालं.

"मग ही जगली कशाच्या जोरावर, अम्मा?"

"त्याच्या मर्जीवर."

"म्हणजे हिला धरून ठेवायला माझ्यापाशी काहीच नाही."

"नाही," मदीनाबी म्हणाली. "कुणाच्याच आईपाशी नसतं." तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "बीबी हाजरांपाशी काय होतं? उजाड माळ, मांडीवर तान्हा इस्माईल, पखालीतलं पाणी संपलेलं, छातीत दूध नाही. त्या सौदा करत बसल्या नाहीत. उठल्या आणि धावल्या. या टेकडीवर चढ, कुणी दिसतं का बघ, उतर, त्या टेकडीवर चढ. तेव्हा ते धावणं कुणाचा हुकूम नव्हता, बेटी. भ्यालेल्या आईचे पाय होते ते. पाणी त्यानंच दिलं, पण धावल्या त्या. आज हजला गेलेला मोठ्यातला मोठा माणूससुद्धा त्या बाईच्या पावलावर पाऊल टाकून जातो, त्याशिवाय त्याचा हज पुरा होत नाही. तुला तर नुसता लोटा उचलायचा आहे."

जैतूननं लोटा उचलला. दात काठावर वाजले. ती ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणाली. पहिला घोट घशातून उतरला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि दुसरा हात पोरीच्या छातीवर दाबून धरला, धुगधुगी थांबते की काय बघायला. थांबली नाही. तिनं दुसरा घोट घेतला. मग लोटा रिकामा होईपर्यंत ती प्यायलीच, आधाशासारखी, गळ्यावरून ओघळ जाईपर्यंत. मदीनाबीनं शिळी भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढं सरकवली. स्वतः रोजा असलेली म्हातारी सुनेला घास घास भरवत होती.

पोरीनं छाती धरली नाही. चमच्यातलं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. पुन्हा चमचा, पुन्हा बाहेर. जैतूनच्या मनात आलं, उशीर झाला, मी घाबरून बसले त्यात वेळ गेला. ती थांबली नाही. चमचा, मग छाती, मग चमचा. कधीतरी पोरीच्या घशात लहानसा आवाज झाला आणि पाणी आत राहिलं. बऱ्याच वेळानं तिनं छाती ओढली, सोडली, परत ओढली.

असरची, तिसऱ्या प्रहराची अजान झाली तेव्हा जैतूनच्या मांडीला कोमट लागलं. तिला आधी उमगलंच नाही. मग ती तशीच दगडासारखी बसून राहिली, हलले तर खोटं ठरेल या भीतीनं. मदीनाबीनं हात लावून बघितलं, तो नाकाशी नेला आणि हळूच म्हणाली, "अल्हमदुलिल्लाह. ऊठ, लुगडं बदल. हे नापाक झालं, यावर नमाज चालायची नाही."

जैतूननं पोर सासूकडं दिली, पाय धुतले, नमाजाआधीची वजू केली, कोरडं लुगडं नेसली. जानमाज अंथरून नमाजाला उभी राहिली तरी कान मागंच होते, पोरीच्या श्वासाकडं. नमाजाच्या शेवटी सलाम फेरून तिनं दुवेला हात उचलले, आणि सवयीनं जीभ वळली, हिला जगू दे, मी... पुढं काय बोलायचं ते सुचेना. द्यायला खरोखरच काही नव्हतं. हात तसेच उघडे राहिले. "हिला जगू दे," एवढंच ती म्हणाली, आणि तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. शालनबाईनं दारातून डोकं आत घातलं. "मिळाली एकदाची. काय म्हणतीय पोरगी?"

"भिजवलं तिनं आत्ता," मदीनाबी म्हणाली.

"मग सोडू का रिक्षा?"

"नको शालनताई, थांबवा," जैतून म्हणाली. जानमाज गुंडाळायलाही ती थांबली नाही. तिनं पोरीला छातीशी घेतलं, साखरपाण्याची बाटली काखेत मारली आणि चप्पल न घालताच पायरी उतरली.