धर्माचा रकाना

माझा भाऊ अंतराळात जाणार होता. हे वाक्य ऐकलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग पावसापाण्याचा विषय काढतात, म्हणून मी ते सांगायचं सोडून दिलं होतं. आता बाबाही नाहीत, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकते. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नये.

ब्याऐंशी साली विमानदलातल्या वैमानिकांमधून अंतराळासाठी माणसं निवडत होते. शेवटी आठ नावं उरली. त्यात स्क्वाड्रन लीडर बी. डी. उमरे हे एक नाव होतं आणि हा बी. डी. म्हणजे आदिलाबादच्या धोंडीबा मास्तरांचा थोरला, आमचा भिवाजी दादा. आठातले दोघे रशियात शिकायला जाणार होते आणि त्या दोघांतला एक वर.

त्या उन्हाळ्यात दादा चार दिवसांच्या रजेवर घरी आला. नागपूरची बस यायच्या तासभर आधीच बाबा स्टँडवर जाऊन बसले होते. ओळखीचा-अनोळखी जो भेटेल त्याला ते सांगत होते, माहा पोरगा येऊन राह्यला. काय करतो हे मात्र सांगत नव्हते, कारण दादाने पत्रात गुप्त ठेवायला बजावलं होतं. गुप्त ठेवायचं म्हणजे बाबांना पोटात दुखल्यासारखं व्हायचं.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या दिवशी घरातले देव घमेल्यात भरून नाल्यात सोडून आले. तेव्हापासून सव्वीस वर्षं आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना तेच घेत. ते पुढे म्हणत, बाकीचे मागून. घरात कुणी चुकून 'देवा रे' म्हटलं तरी शाळेत पोराचा कान धरावा तसे ते बघत. माय मात्र त्यांना पुरून उरायची. दादा अंतराळात जाणार हे कळल्यावर ती म्हणाली, वर देव भेटला तर माझे गुडघे का दुखतात ते विचार. बाबा सोडून आम्ही सगळे हसलो.

दादाला देव नको होता आणि धम्माचंही फारसं पडलेलं नव्हतं. लहानपणी वंदनेत तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचा. त्याचा विश्वास इंजिनावर आणि स्वतःच्या हातावर. मला त्याचा हेवा वाटायचा, कारण माझा धड कशावरच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बॅगेतून एक जाडजूड फॉर्म काढला. सोळा पानं होती. आजोबांना काय आजार होते इथपासून सुरुवात. एका पानावर असं विचारलं होतं की मृत्यू झाल्यास अंत्यविधी कोणत्या धर्माप्रमाणे करावा. दादा ते वाचून मोठ्याने हसला. वर काही झालं तर राखसुद्धा परत येणार नाही, विधी कशाचा करणार, असं म्हणाला. माय उठली आणि चुलीकडे जाऊन बसली. आपण काय बोललो हे त्याला उशिरा कळलं.

भांडण मात्र त्या प्रश्नाच्या वरच्या रकान्यावरून झालं. त्यात फक्त 'धर्म' एवढंच लिहिलेलं होतं.

दादाला शाळेत घातलं पंचावन्न साली, दीक्षेच्या आदल्या वर्षी. दाखल्यावर तेव्हाच्या हेडमास्तरांनी 'हिंदू, महार' लिहिलं. पुढे बाबा त्याच शाळेत मास्तर झाले, रजिस्टर त्यांच्याच कपाटात असायचं, पण त्यांनी त्या ओळीला हात लावला नाही. तेव्हा कायदाच असा होता की बौद्ध म्हणून नोंद झाली की सवलती संपल्या. वसतिगृहात जागा नाही, शिष्यवृत्ती नाही. त्या ओळीवर दादा हैदराबादला शिकला. माझ्या दाखल्यावरही तेच होतं आणि त्यावर मला उटनूरच्या कचेरीत कारकुनी मिळाली. बाबा रविवारी बौद्ध होते आणि आमच्या कागदांवर हिंदू. याला वस्तीत कुणी नावं ठेवत नव्हतं, कारण घरोघरी तेच होतं.

बाबा म्हणाले, बौद्ध लिही. दादा म्हणाला, माझ्या नोकरीच्या सगळ्या कागदांत हिंदू आहे, आता वेगळं लिहिलं तर लबाड ठरेन. बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सवलतीसाठी लपवलं ते लपवलं, भिवा. आता तुले कोनती सवलत पायजे? सारं जग तुह्याकडं पाहीन. तवा बी नाही सांगशीन त मंग कवा सांगशीन?"

"मले वर जायचं हाय, बाबा. एका रकान्यासाठी मी खाली नाही राह्यनार. मी हिंदू लिहीन, आनि घरी चौकशीले मानूस आला त तुमी बी तेच सांगजा."

"माह्या तोंडून ते निघनार नाही."

पुढचे दोन दिवस ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दादाने फॉर्म तसाच कोरा बॅगेत टाकला. तो गेला तेव्हा त्याला पोचवायला मी एकटी स्टँडवर गेले. बस सुटेपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता.

यानंतरचं मी माझ्याबद्दल सांगते आणि त्यात लपवत नाही. मी घाबरले होते. चौकशीच्या माणसाला बाबांनी 'बौद्ध' सांगितलं, तर दादाचं जे होईल ते होईल, पण मग मास्तरांच्या मुलीला नोकरी कोणत्या दाखल्यावर मिळाली हेही कुणीतरी विचारेल. दर शनिवारी मी उटनूरहून घरी यायची. बसमध्ये माझा पाय सारखा हलत असायचा, शेजारची बाई वैतागून बघायची. घरी बाबांचंही तेच. अंगणातून विहिरीपर्यंत, विहिरीपासून अंगणापर्यंत. पेपर उघडायचे, मिटायचे. ताटावरून मध्येच उठायचे.

तीन शनिवार मी त्यांच्या मागे लागले. दादाचं आयुष्य तुमच्या एका शब्दावर अडकलंय, म्हटलं. तो तर हिंदूच लिहिणार, तुमचं वेगळं निघालं तर दोघंही खोटे पडाल. कचेरीत मी रोज बघते, एक अक्षर जुळलं नाही की फाईल परत जाते आणि परत गेलेली फाईल मेली. तिसऱ्या शनिवारी ते थांबले आणि म्हणाले, "आनि तुही नौकरी." मला इतका राग आला की मी जेवले नाही. राग आला कारण ते खरं होतं.

चौथ्या शनिवारी दुपारी तो माणूस आला. केशवराव नाव, बोली तेलुगू, पण बाबांशी तो हिंदीत बोलत होता. बाबा निजामाच्या काळात उर्दू शिकलेले, त्यामुळे दोघांचं छान जमलं. शेती किती, मुलं किती, परदेशात कुणी आहे का, कोणत्या पक्षात आहात का. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि केशवरावांची खुर्ची नेमकी तिच्यासमोर. मी दाराशी उभी होते. धर्म कोणता, असं त्यांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"हिंदू," ते म्हणाले.

केशवरावांनी मान वर केली, तसबिरीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि लिहून घेतलं. भला माणूस होता. चहा संपवून तो गेला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी भजी तळली. बाबांनी एकही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात बाबा पुढे गेलेच नाहीत. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. गळा बसलाय म्हणाले. वंदना फकिराकाकांनी घेतली, अडखळत. पुढच्या रविवारी पुन्हा गळा बसलेला, त्याच्या पुढच्याही. पंचशीलात चौथं शील आहे खोटं न बोलण्याचं. बाबा ते म्हणताना नेहमी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचे. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्ही खोटं कुठे बोललात, कागदावर आहे तेच सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर दुसऱ्याच्या हातचं होतं, राही. आता माह्या तोंडचं हाय."

पावसाळा सरता सरता एका दुपारी दादा थेट उटनूरला आला, माझ्या कचेरीत. निर्मलच्या रस्त्याने आलो, घरी अजून गेलो नाही, म्हणाला. आम्ही चौकातल्या हॉटेलात जाऊन बसलो. गणवेशात नव्हता. बशीत चहा ओतून घेतला आणि प्यायलाच नाही.

"घरी सांगनार हाय का कान खराब निघाला. डावा. तू बी तेच सांगजो."

"आनि खरं काय?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. असले कागद वाचण्यात माझा दिवस जातो, मला दोन ओळी पुरल्या. उमेदवाराने दिलेली आणि कुटुंबाने दिलेली माहिती जुळत नाही. पडताळणी पुन्हा करावी. ती होईपर्यंत विमानदलाच्या कचेरीतून आदिलाबादला आणि आदिलाबादहून परत तिकडे कागद फिरत राहिला आणि तोवर रशियाला जाणारी नावं ठरून गेली होती.

"तू काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"बौद्ध."

 तू तर हिंदू लिहिणार होतास, असं मी जवळजवळ ओरडलेच. दोन माणसांनी वळून पाहिलं.

दादा म्हणाला, लिहिताना त्याला बाबांचं तोंड आठवलं. पोचवायला स्टँडवर ते आले नव्हते तेही आठवलं. मग त्याने हिशोबाने विचार केला. बाबा मरतील पण चौकशीच्या माणसापुढे हिंदू म्हणणार नाहीत, तेव्हा दोघांचं जुळायचं असेल तर आपणच बौद्ध लिहिलं पाहिजे. नोकरीच्या कागदांचा खुलासा एका अर्जात होतो, बापलेकांच्या बोलण्यात फरक नको.

"त्यायनं हिंदू म्हटलं," तो म्हणाला. "माह्या बापानं. माह्यासाठी. राही, मले वर जायले नाही भेटलं त्याचं दुख हायच. पन हे मले सहन होऊन नाही राह्यलं."

त्याच क्षणी त्याला सांगायला हवं होतं की बाबांनी तुझ्यासाठी म्हटलं, पण त्यांच्या मागे मी लागले होते, तीन शनिवार, आणि निम्मं स्वतःसाठी. त्याला एक पत्र टाकून विचारावं, काय लिहिलंस म्हणून, एवढंही मला सुचलं नव्हतं. मी कागदाची घडी घालून त्याला परत दिली. बाबांना कधी कळू द्यायचं नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. दादाला मी माझी गोष्ट आजवर सांगितलेली नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

घरी कानाची गोष्ट माय सोडून कुणाला आवडली नाही. माय उघड खूश झाली, त्या कानाचं भलं होवो म्हणाली आणि दादाच्या आवडीचं वरण-फळं करायला बसली. बाबा कानाबद्दल बारीकसारीक विचारत राहिले. कधीपासून, ऐकू कमी येतं का, औषध आहे का. दादा सगळ्याची उत्तरं देत होता, चांगली देत होता, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. या खेपेला बाबा त्याला पोचवायला स्टँडवर गेले. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून त्याच्या डाव्या कानाला हात लावला.

परतताना ते माझ्या पुढे झपाझप चालत होते, मला धाप लागली. कापसाच्या गोदामापाशी एकदम थांबले.

"तू कचेरीत कागदं पाह्यते. खरं सांग. माह्या बोलन्यानं त पोराचं काही अडलं नाही?"

"नाही बाबा. कानाचंच."

त्यांनी मान हलवली. आता यांचा जीव शांत होईल, असं मला वाटलं. निदान रविवारी परत पुढे बसतील. 

"म्हंजे म्या हिंदू म्हटलं," ते म्हणाले, "त्याचा उपेग बी काही झाला नाही."

 खरं सांगावं तर पोराला त्यांनी स्वतःच्या तोंडाने खाली ओढलं असं होत होतं आणि खोटं सांगितलं तर शील फुकट मोडलं असं. तिसरं उत्तर मी तेव्हाही शोधलं आणि अजूनही शोधते आहे. नव्वद साली कायदा बदलला, बौद्ध लिहिलं तरी सवलत मिळू लागली, वस्तीत पेढे वाटले. बाबांनी पेढा हातात घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, उशीर झाला. पुढच्या वर्षी ते गेले. तोपर्यंत ते विहारात शेवटच्याच रांगेत बसले.