डाव्या हाताच्या बांगड्या

वेसाव्याच्या कोळणीच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या असतात. उजव्या हातात काच नसते. लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्यात सोडायच्या आणि म्हणायचं, बाबा, हा हात तुझा, तो हात माझ्या नवऱ्याचा. तुझा वाटा तुला पोचला, आता ह्याला सांभाळ. मंजुळानेही आठ वर्षांपूर्वी तसंच म्हटलं होतं. दर्याने बांगड्या घेतल्या आणि सहा वर्षांनी नवराही घेतला. दर्या शब्दाचा पक्का नाही हे कोळीवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही, तरी दर लग्नात नवी नवरी त्याच्यावर भरवसा टाकतेच.

पण नवरा गेला असं मंजुळाच्या घरात म्हणायची सोय नव्हती. होडी फुटली तेव्हा दोन खलाशांची मढी किनाऱ्याला लागली. बळवंतचं लागलं नाही. त्याची आई, सखुबाई, तीन दिवस वाळूत बसून राहिली आणि चौथ्या दिवशी उठून म्हणाली, "ज्याचं मढं नाय, त्याचं मरण नाय." झालं, तो घरचा कायदा झाला. दर महिन्याला ती सुनेच्या दंडाला धरून तिला कासाराकडे नेई आणि टिचलेली बांगडी बदलून आणी. कोणी 'बळवंत होता' म्हटलं की म्हातारी 'हाय' म्हणून जिथल्या तिथे दुरुस्त करी. दोन वर्षांत तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. जिवंत माणसासाठी कोण रडतं?

मंजुळाला मात्र ठाऊक होतं. मागच्या शिमग्याच्या सुमारास बळवंतचा चुलतभाऊ रामचंद्र मागच्या दाराने आला होता. त्याच्या हातातल्या रुमालात कमरेचा चांदीचा करगोटा होता. सखुबाईने स्वतःचे तोडे मोडून पोराच्या लग्नात घडवलेला तो करगोटा. त्याच्या आकड्यावर छोटा मासा कोरलेला. खाऱ्या पाण्याने काळाठिक्कर पडला होता. "जाळ्यात आयला," रामचंद्र म्हणाला. कशासकट आला हे त्याने सांगितलं नाही आणि मंजुळानेही विचारलं नाही. तिने त्याला देवाची आण घातली, करगोटा लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकला आणि चुलीवर कालवण ठेवलं. म्हातारी हे ऐकून जगायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यानंतर तिने पेटी एकदाच उघडली, ह्या दिवाळीत. करगोटा लखलखत होता. लुगड्याच्या घड्यांत घासून उजळला असेल असं म्हणून तिने पेटी लावली. माणसाला नको ते दिसलं की कसलाही खुलासा पटतो.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. तेव्हा सगळी मुंबई टीव्हीपुढे मांडी घालून बसायला शिकली होती आणि अंधेरीच्या स्टुडिओंत सिनेमापेक्षा सिरीयली जास्त शिजत होत्या. अशीच एक तेरा भागांची सिरीयल मार्तंड कारखानीस नावाचे दिग्दर्शक काढत होते. कोळ्याचं घर, घरचा कर्ता दर्यात जातो, मागे राहिलेली बाई संसार पुन्हा उभा करते. कारखानिसांनी आयुष्यात होडी पाहिली होती ती जुहूच्या हॉटेलातून, त्यामुळे त्यांना कोळीण हवी होती. बाजारात पापलेट घेता घेता त्यांनी मंजुळालाच गाठलं. नायिकेला लुगडं नेसवायचं, पाटी डोक्यावर कशी तोलायची ते शिकवायचं, बोलणं सुधारायचं. मंजुळाला काम आवडलं. तिथे तिला कोणी बळवंतची बायको म्हणून ओळखत नव्हतं, मंजुळाबाई म्हणत.

नायिकेचं काम सुलक्षणा नावाची दादरची मुलगी करत होती. पहिल्याच दिवशी ड्रेसवाल्याने तिचे दोन्ही हात बांगड्यांनी भरून ठेवले. मंजुळाने सांगून पाहिलं, उजव्यात काच नसते. कारखानीस म्हणाले, "अहो, टीव्हीवर एक हात मोकळा बरा दिसत नाही." शहाण्याला कोण शहाणपण शिकवणार?

मग चौथ्या भागातला तो सीन आला. नवरा गेल्याची बातमी येते आणि शेजारची म्हातारी बाईच्या बांगड्या फोडते.

"मी नाही फोडून घेणार," सुलक्षणा म्हणाली. "रडा म्हणाल तितकी रडते, सर. पण माझ्या लग्नाला चार महिने झालेत."

कारखानिसांनी समजावलं, रागावले, शेवटी कपाळ चोळत बसले. आणि मग त्यांची नजर मंजुळाच्या हातांवर गेली. "चेहरा हिचा घेऊ, हात तुमचे. नुसता क्लोज-अप, मंजुळाबाई. मनगटापुरतं."

मंजुळाने डावा हात पदरात ओढला. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिच्याच कानांवर वेगळे शब्द पडले. "उजवा हात देते. डाव्याला कोणी हात लावायचा नाय. डावा पदराखाली."

उजव्या हातात सिरीयलच्या बांगड्या घालायच्या. उजवा हात दर्याचा. तिथल्या फुटल्या तर कोणाचं काय जातं? असा तिने हिशोब मांडला. खरं सांगायचं तर त्या हिशोबाखाली दुसरंच होतं. बांगड्या उतरलेलं आपलं मनगट कसं दिसतं, ते तिला एकदा पाहायचं होतं. नवऱ्यासाठी नीट गळा काढून रडायलाही तिला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. ह्या विचाराची तिला इतकी शरम वाटली की रात्री ती सासूच्या नजरेला नजर देईना.

सखुबाईला तिने काहीच सांगितलं नाही. सिरीयल लागेल तेव्हा कोळीवाड्यात पाच टीव्ही आहेत, पण नुसत्या मनगटावरून कोण ओळखतंय?

दुसऱ्या दिवशी प्लायवूडच्या झोपडीत ती उजवा हात पुढे करून बसली होती आणि मेकअपवाला तिच्या मनगटाला सुलक्षणाचा गोरा रंग चोपडत होता. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. गर्दीच्या सीनला पाच-सहा खऱ्या कोळणी हव्यात म्हणून कारखानिसांनी शेजारच्या कमळला कामाला लावलं होतं. कमळ उतरली, तिच्यामागून आणखी चार बाया उतरल्या आणि शेवटी, कोळणींचं आकड्याचं लुगडं खोचून, सखुबाई.

"अगो, धोंडूची आय तापानं पडली," कमळ लगबगीने म्हणाली, "तर ही बोलली, मी येतंय."

मंजुळाने उजवा हात झटकन पदराखाली ओढला, त्या ओढाओढीत डावा बाहेर आला, आणि सखुबाईची नजर आधी त्यावरच गेली. रोज सकाळी जायची तशी. बांगड्या मोजून झाल्यावर मगच म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

तिथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण कारखानीस सखुबाईभोवती एक फेरी मारून आले आणि ओरडले, "हे हात! हीच म्हातारी बांगड्या फोडणार!"

"साहेब, ती नको," मंजुळा धडपडत उठली. "ती सासू हाय माजी."

"मग उत्तमच की. सुनेचा हात धरायचा सराव असेलच."

कमळने तोंडात पदर कोंबला. बाकीच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोळीवाड्यातलं सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या कारखानिसांना, आणि ते बिचारे हौसेने समजावत होते. ही विधवा झालीय, आजी. तुम्ही हिचा हात धरायचा, ह्या दगडाने बांगड्या फोडायच्या. कॅमेऱ्यात फक्त हात दिसतील. जमेल ना?

आता म्हातारी उसळणार, स्टुडिओचं छप्पर खाली आणणार, असं मंजुळाला वाटलं. सखुबाई उसळली नाही. तिने तो गोटा हातात घेऊन जोखला. मग तिने बाजूला बसलेल्या सुलक्षणाला विचारलं, "पोरी, ही गोष्ट हितंच सरते?"

"छे हो, आजी. हा तर चौथा भाग."

"मंग पुढं काय व्हतं त्या बाईचं?"

"पुढे नऊ भाग आहेत," सुलक्षणा बोटांवर मोजत सांगू लागली. "आधी खूप रडते. मग बाजारात बसायला लागते. नवी होडी बांधून घेते. शेवटच्या भागात ती होडी पाण्यात लोटतात, आणि ती हसते. मला तोच सीन सगळ्यात आवडतो."

"हे समदं बांगड्या फुटल्यावर?"

"फुटल्यावरच. त्याआधी कसं होईल?"

सखुबाईने मान हलवली. पटलं की नाही, काही कळेना.

दिवे लागले. प्लायवूडची झोपडी क्षणात भट्टीसारखी तापली. मंजुळा जमिनीवर बसली, डावा हात पदराखाली पोटाशी घट्ट धरून, उजवा पुढे करून. गोऱ्या रंगाचं ते मनगट तिला आपलं वाटतच नव्हतं. कॅमेरा वीतभर अंतरावर आला. सखुबाई समोर बसली. तिच्या अंगाचा सुक्या मासळीचा आणि तंबाखूचा वास आला आणि मंजुळाला वाटलं, आत्ता उठावं, पळत सुटावं, थेट घरी जाऊन पेटीला पाठ लावून बसावं.

"आये," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "हा उजवा हाय. खोटा हाय. घाबरू नको."

"ॲक्शन!"

सखुबाईने उजवा हात धरला. हिरव्या काचेवरून अंगठा फिरवला. मग हळूच तो बाजूला सारला, सुनेच्या पदराखाली आपला हात घातला आणि डावा हात बाहेर ओढला.

"आये, नको!" मंजुळाने हात मागे खेचला. म्हातारीची पकड जन्मभर जाळी ओढलेली, ती सुटते थोडीच. गोटा एकदा बसला, दोनदा बसला. काच प्लायवूडवर उडाली. तिसऱ्या वेळी म्हातारीचा हात वरच्या वर थबकला, कारण एकच बांगडी उरली होती. ती तिने फोडली नाही. मनगटावरून अलगद उतरवली आणि मुठीत धरली.

"कट! कट!" कारखानीस धावत आले. "आजी, उजवा! उजवा हात ठरला होता ना आपला!"

सखुबाईने त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. "उजवा तर दर्याचा गो," ती सुनेला म्हणाली. "त्येच्यावर आपला काय हक? आपला डावा."

"आये, तुना कसं..."

"करगोटा काय आपला आपण उजळतो?" म्हातारी म्हणाली. "दर अमाशेला राखेनं घासतंय मी. तू बाजारात गेलीस का पेटी उघडतंय, घासतंय, परत घडीत ठेवतंय. बगत व्हते, तू कवा बोलतेस. तू काय बोलली नाय. मना वाटलं, पोरीला धीर नाय, तर र्‍हाऊ दे बांगड्या."

म्हणजे वर्षभर मंजुळा ज्या म्हातारीला जपत होती, ती म्हातारी तिलाच जपत होती, आणि दोघींनी मिळून एका मेलेल्या माणसाला एकमेकींसाठी जिवंत ठेवलं होतं. मनगटावर एक बारीक ओरखडा होता, त्यातून रक्ताचा थेंब आला. आठ वर्षं काचेखाली राहिलेली ती कातडी बाकीच्या हातापेक्षा उजळ होती.

"नऊ भाग हायत, ती पोरगी बोलते," सखुबाई म्हणाली. "चौथ्यातच किती दिस बसशील?" आणि मुठीतली बांगडी कपाळाला लावून तिने हंबरडा फोडला. दोन वर्षांचं साठलेलं रडणं ते. दिव्यांपाशी उभी असलेली माणसंसुद्धा खाली मान घालून उभी राहिली. "माजा बळवंत व्हता गो," ती म्हणाली. "माजा पोर व्हता." 'व्हता' हा शब्द तिच्या तोंडून कोळीवाड्याने पहिल्यांदा ऐकला. कमळ आणि बाकीच्या बाया सेट की काय ते विसरून तिच्याभोवती बसल्या.

मंजुळाही रडली. कोणाला काय वाटेल ह्याचा विचार न करता, गळा काढून रडली. सुलक्षणा पुढे होऊन तिच्या मांडीवरच्या काचा एकेक करून वेचत राहिली.

बऱ्याच वेळाने कारखानीस खाकरले. ते दुष्ट नव्हते, पण स्टुडिओ सहा वाजेपर्यंतच मिळालेला होता. कोपऱ्यात त्यांना कोणीतरी हळू आवाजात सगळं सांगितलं होतं आणि त्यांचा चेहरा पडला होता. "मंजुळाबाई," ते म्हणाले, "आजचं राहू द्या. आपण उद्या... म्हणजे, परत घ्यावं लागेल. कॅमेरा उजव्या हातावर लावला होता. ह्यातलं काहीच आलेलं नाही."

मंजुळाने पदराने तोंड पुसलं. मेकअपचा गोरा रंग उजव्या मनगटावर तसाच होता आणि त्यावरच्या सिरीयलच्या बांगड्याही शाबूत होत्या.

"उद्या कशाला? आत्ता घ्या की, साहेब," ती म्हणाली. "उजव्याचं कितीबी वेळा घ्या. डाव्याचं एकदाच व्हतं, ते झालं."

दिवे पुन्हा लागले. दगड ह्या वेळी कमळने घेतला. मंजुळाने उजवा हात कॅमेऱ्यापुढे धरला. मोकळा डावा हात आता पदराखाली नव्हता. चौकटीच्या बाहेर, शेजारी बसलेल्या सासूच्या पाठीवर होता.