चढावर अडकणारी रेस

सोमवारी दुपारी वर्ध्याहून देवळीला परत येताना, रेल्वेच्या पुलावर चढतीला, इंदिराबाईंनी रेसवरचा पाय उचलला तरी गाडी जोर लावून पुढे जातच राहिली. समोर कापसाने भरलेली ट्रॉली होती. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थरथरली, पण इंजिनाचा जोर काही कमी होईना. मग त्यांनी घाबरून क्लचही दाबला. खालून धप्पकन काहीतरी आदळलं आणि इंजिन एकदम शांत झालं. ट्रॉली हातभर अंतरावर होती.

पूल उतरून त्यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली आणि बंद केली. महिन्याभरातली ही चौथी वेळ.

शेजारी कृष्णकांतराव डोळे मिटून बसले होते. डायलिसिसवरून येताना ते असेच असत. डाव्या हाताला पट्टी, ओठ पांढरे, अंगातलं सगळं कुणी पिळून घेतल्यासारखं. सोमवार आणि गुरुवार, दोन वर्षं हेच चाललं होतं. बसमध्ये त्यांना मळमळे, ऑटोचे धक्के सोसवत नसत. पुण्याहून मुलगी इला सांगे, ड्रायव्हर ठेवा. ठेवलाही होता, तिसऱ्या आठवड्यापासून तो फोनच उचलेना. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या इंदिराबाई साठाव्या वर्षी गाडी शिकल्या. गाडी तरी कसली, पंचवीस वर्षांची. कृष्णकांतराव भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला होते तेव्हा घेतलेली.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा त्या देवळीतल्या रोशन मेकॅनिककडे गेल्या. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्याने रेसची केबल नवी टाकली, चांगली ताणून बसवली. तिसऱ्यांदा त्याने गाडी दारात उभी करून दहादा रेस दिली, दहाही वेळा ती झटकन खाली आली. मग तो हात पुसत म्हणाला, "म्याडम, गाडीत काईच नाई. तुमचा पाय पडून राहत असंन. नवीन शिकल्यावर होते असं."

त्या दिवसापासून गाडीत बसलं की इंदिराबाईंचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं आपल्या उजव्या पायावर असे. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेली बाई, पण स्वतःचा पाय कुठे आहे याचीच तिला खात्री वाटेनाशी झाली होती.

त्या खाली उतरल्या. बॉनेट उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. रोशनने दाखवलं होतं तसं त्यांनी कार्बोरेटरवरची, रेसची केबल जिला ओढते ती लहानशी कडी बोटाने ओढली, सोडली. कडी टक् करून जागेवर गेली. पुन्हा ओढली. पुन्हा टक्. कुठेही अडकत नव्हतं. त्यांना रडू आलं नाही, नुसता थकवा आला. इतका, की तिथेच शेताच्या धुऱ्यावर बसावंसं वाटलं.

"इंदू," आतून आवाज आला.

त्या खिडकीशी गेल्या.

"गुरुवारी नाई येत मी," कृष्णकांतराव म्हणाले. "बस्स झालं आता."

"गाडी दुरुस्त करून घेतो ना मी," इंदिराबाई म्हणाल्या.

"गाडीचं नाई म्हणत. पण गाडीपायी तू मरशीन एखाद्या दिवशी. माह्यासाठी कायले? एक वर्ष काय अन् दोन वर्षं काय."

"मग गाडीचं कारण कायले सांगता?" इंदिराबाईंचा आवाज चढला. सायकलवरून जाणारा एक माणूस वळून पाहू लागला, तशा त्या खाली वाकून हळू बोलल्या. "तुम्हाले नसंन जायचं तर तसं सांगा. माह्या पायावर खापर फोडून मले घरी बसवू नका. जो तो मलेच सांगून राह्यला, तुमचा पाय, तुमचा पाय."

कृष्णकांतरावांनी डोळे उघडले. मान वळवून त्यांनी मागे राहिलेल्या पुलाकडे पाहिलं.

"तुह्या पायाचं नाई ते," ते म्हणाले.

"काय?"

"तू पाय काढला होता. मी पाहून राह्यलो होतो. चारही वेळा काढला होता."

"मग आजवर बोलले काऊन नाई?"

"मी काय बोलू? गाडीतलं मले का समजते? तो रोशन, शेजारचा योगेंद्र, सगळे तुले शिकवूनच राह्यले होते. त्यात मी आणखी एक." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. इंदिराबाईंनी बाटलीचं झाकण उघडून त्यांना एकच घोट दिला. त्याहून जास्त पाणी त्यांना चालत नव्हतं. "पण इंदू, हे सपाटीवर होतच नाई. दोनदा याच पुलावर झालं, एकदा सेलूच्या लग्नाले गेलतो तेव्हा चढावर, अन् आज. अन् तू क्लच दाबला की सामोरून धप्प आवाज येते. दरवेळी. अगोदर क्लच, मंग धप्प, मंग इंजिन शांत."

इंदिराबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. तो आवाज त्यांनीही ऐकला होता. त्यांना वाटे, खड्डा असेल.

मोजणीच्या कामात कृष्णकांतरावांचं नाव होतं. एका बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी ते घाई करत नसत. साखळी पुन्हा एकदा टाकत. तो माणूस गेली दोन वर्षं कुठे गेला होता कोण जाणे. आज तो त्या सीटवर, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, थकलेल्या आवाजात बोलत होता.

"रोशन उभ्या गाडीले रेस देते," ते म्हणाले. "उभ्या गाडीले का चढ असते?"

बुधवारी सकाळी इंदिराबाई गाडी घेऊन तानबाकडे गेल्या. वर्धा रोडवर टिनाच्या शेडमध्ये तानबा जुन्या गाड्या पाहत असे. नव्या गाड्या त्याच्याकडे कुणी आणत नसत आणि त्यालाही त्यांचं काही वाटत नसे. कृष्णकांतराव येतो म्हणाले होते, पण उठायची ताकद नव्हती. इंदिराबाईंनी त्यांचं सगळं बोलणं वहीच्या पानावर लिहून नेलं होतं: चढ, भार, क्लच, धप्प.

तानबाने चष्मा वर करून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे कोणं लिवलं?"

"आमच्या ह्यांनी सांगितलं. ते बाजूले बसलेले असतात."

"बराबर सांगतलं." तानबाने बॉनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिला. "बाई, तुमी बसा आत. हातब्रेक ओढा, पायानंही ब्रेक दाबून ठेवा. पहिला गिअर टाका अन् क्लच हळू हळू सोडा. गाडी ओढाले लागली का थांबा."

इंदिराबाईंनी क्लच सोडत आणला. गाडी जागच्या जागी पुढे रेटू लागली, आवाज जड झाला.

"आता दाबा!"

त्यांनी क्लच दाबला. धप्प.

"उतरा, या इकडं," तानबा म्हणाला. यावेळी त्याने मदतीला बाजूच्या पानठेल्यावरच्या भूपेंद्रला गाडीत बसवलं आणि इंदिराबाईंना इंजिनासमोर उभं केलं. भूपेंद्रने क्लच सोडला तसं अख्खं इंजिन एका बाजूने चार बोटं वर उचललं गेलं, झोपेतून कूस वळवावी तसं. आणि त्याच्यासोबत रेसची केबल ताणली जाऊन ती लहानशी कडी आपोआप उघडली. पायाशी तिचा काहीच संबंध नव्हता.

"इंजिन ज्या रबरावर बसते ना, ते फाटलं," तानबाने खाली बोट दाखवलं. "आमी त्याले फाउंडेशन म्हन्तो. सपाटीवर काई कळत नाई. चढावर जोर पडला का इंजिन उचलते, केबल वढते, अन् रेस धरून बसते. तुमी पाय काढा का काईही करा. क्लच दाबला का जोर गेला, इंजिन खाली पडते. उभ्या गाडीत कितीबी रेस देल्ली तरी दिसाचं नाई हे. वरून नवी केबल ताणून बसवली, म्हून आनखीच."

"म्हणजे माझा पाय नव्हता," इंदिराबाई म्हणाल्या.

"तुमचा पाय नसता तर आज तुमी इथं नसत्या. क्लच दाबला म्हून वाचल्या."

रबर वर्ध्याहून मागवावं लागलं. संध्याकाळी चार वाजता काम झालं. तानबाने केबलही थोडी सैल केली आणि इंदिराबाईंना सोबत घेऊन गाडी पुलावर नेली. तीन वेळा चढवली. तिन्ही वेळा पाय काढताच गाडी निमूट मंदावली. इंदिराबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण एवढंच वाटलं की खांद्यावरचं एक ओझं खाली ठेवलं, बाकीची आहेतच.

घरी आल्यावर त्यांनी कृष्णकांतरावांना सगळं सांगितलं. ते उशीला टेकून ऐकत होते. इंजिन किती वर उचललं जात होतं, ते त्यांनी बोटांनी मोजून दाखवायला लावलं.

"चार बोटं?"

"चार."

"मले वाटलंच होतं, सामोरचं काहीतरी हलून राह्यलं म्हणून." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि विझलं.

इंदिराबाईंनी भाताला आधण ठेवलं. तांदूळ धुताना त्या मागे न पाहताच म्हणाल्या, "उद्याचं काय?"

 बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"उद्या जाऊ," कृष्णकांतराव म्हणाले. "पुढच्या सोमवारचं सोमवारी पाहू."

इंदिराबाईंनी तेवढंच पदरात घेतलं. आणखी काही मागायची त्यांच्यातही ताकद नव्हती. गॅस बारीक करून त्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या आणि दोघंही भात शिजायची वाट पाहत राहिली.