एक वाजताचा डबा

ते साल दोन हजार सतरा. त्या वर्षी शहर बस कंपनीच्या कचेरीच्या भिंतींना तडे गेले. इंजिनिअरांनी सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावले आणि कचेरीतली माणसे आपापल्या घरी बसून काम करू लागली. इमारतीला तडा गेला की एखाद्या डब्याचे आयुष्यही बदलते, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, मी तोच डबा. जेवणाचा, स्टीलचा, तीन कप्प्यांचा, वर मूठ आणि बाजूला कडी. आज माझी कडी सैल झाली आहे आणि झाकणावर इतके ओरखडे आहेत की त्यात तोंड दिसत नाही. पण एके काळी दिसत असे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे पत्र्याच्या गोल चकत्या साच्याखाली दाबून वाट्यांसारख्या करत आणि मग फिरत्या चाकावर घासून घासून त्यांना आरशासारखी चकाकी आणत. त्या चाकाच्या आठवणीने माझ्या अंगावर अजूनही शहारा येतो. पण दुकानाच्या काचेत मांडल्यावर येणारे जाणारे माझ्यात बघून केस नीट करत, तेव्हा वाटले, घासून घेतले ते बरेच झाले.

मला विकत घेतले ते एका नव्या बस ड्रायव्हरने. त्याला नुकतीच नोकरी लागली होती. त्याची बायको पहाटे मला भरायची. खाली भात, मधे भाजी, वर एखादे फळ. तो मला आपल्या सीटमागच्या खुंटीला अडकवायचा आणि बावीस नंबरची बस घेऊन निघायचा.

आता तुम्हाला वाटेल, डब्याचे सुखाचे दिवस सुरू झाले. तसे नव्हते. त्या काळी बसचे वेळापत्रक करणाऱ्यांनी बसचे पोट मोजले होते, ड्रायव्हरचे नाही. बस शेवटच्या थांब्यावर पोचली की लगेच उलट फिरायची. मग ड्रायव्हर सिग्नलला एका हाताने माझे झाकण उघडायचा, दोन घास खायचा, दिवा हिरवा झाला की झाकण लावायचा. कित्येकदा तेही जमायचे नाही. एकदा वळणावर मी खुंटीवरून निसटलो आणि पायऱ्यांवरून गडगडत थेट रस्त्यावर गेलो. तेव्हा नवखा असलेला कंडक्टर शिट्टी वाजवत बस थांबवून माझ्यामागे धावला. त्या दिवसापासून माझ्या खालच्या कप्प्याला पोचा आहे आणि त्या कंडक्टरला शिट्टीमामा हे नाव.

ड्रायव्हरला दोन मुली. धाकटी संध्याकाळी दारात उभी असायची. वडिलांच्या हातातून आधी मला घ्यायची आणि हलवून बघायची. मी जड लागलो की तिचा चेहरा पडायचा. "बाबा, आजपण?" एवढेच विचारायची. वडील हसून सांगायचे की आज गर्दी होती. पण त्यांच्या पोटाने काही ते हसण्यावारी नेले नाही. पुढे त्यांना पोटाचे दुखणे जडले आणि गोळ्या आयुष्यभराच्या मागे लागल्या.

धाकटी गणितात हुशार निघाली. शिकून ती त्याच कंपनीच्या वेळापत्रक विभागात लागली. पहिल्या दिवशी वडिलांनी मला स्वतः घासले, भरले आणि तिच्या हातात दिले. "डबा घेतलास का?" असे वर विचारलेही, जणू तो तिच्या हातात नव्हताच. तेव्हापासून रोज सकाळी ती दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत हा प्रश्न यायचाच. तिचे लग्न झाले, आई गेली, वडील तिच्याकडे राहायला आले, तरी प्रश्न तोच.

आणि धाकटीने विभागात काय केले? वरिष्ठांच्या मागे लागून, वाद घालून, प्रत्येक ड्रायव्हरच्या पाळीत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी घालून घेतली. बस शेवटच्या थांब्यावर उभी राहील, इंजिन बंद होईल, माणूस खाली उतरून जेवेल. ज्या दिवशी तो नियम झाला, त्या दिवशी तिने कचेरीत मला उघडले आणि भाताच्या पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या बाईंनी विचारले, तिखट झालंय का?

ते माझे वैभवाचे दिवस. एक वाजला की विभागातली सगळी मंडळी लांब टेबलाभोवती जमायची, डब्यांच्या कड्या खटाखट उघडायच्या. फोन वाजला तर शिपाई उचलून सांगायचा, "डबा चाललाय." पलीकडचा माणूस कितीही रागात असो, त्याचा आवाज खाली यायचा. "असू द्या, असू द्या, मग करतो." मित्रांनो, डबा या शब्दात केवढा अधिकार होता बघा.

मग ते तडे गेले.

धाकटीने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि मला स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. "घरी बसणाऱ्याला डबा कशाला?" असे हसत म्हणालीसुद्धा. तिथून मला टेबल स्वच्छ दिसत होते, आणि जे दिसत होते ते चांगले नव्हते.

नवा पूल सुरू होणार होता, त्यामुळे सगळ्या शहराचे वेळापत्रक नव्याने बांधायचे होते. ते धाकटीकडे आले. मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितले होते की असले काम घरी बसून होईल असे त्यांना वाटत नाही. नाही झाले तर ते बाहेरच्या कंपनीला जाईल, विभाग मोडेल आणि माणसे निरनिराळ्या डेपोंत पांगतील. झाले. धाकटीने मनाशी घेतले की आपण घरी आहोत म्हणजे आरामात आहोत, असे कुणाला वाटताच कामा नये. फोन पहिल्याच घंटीला उचलायचा. साहेबांनी दुपारी एकला मीटिंग ठेवली तरी हो म्हणायचे. साहेब रोज एकलाच ठेवू लागले, कारण आता कुणाला कुठे जायचे यायचे नव्हते.

दुसरीकडे घराला वाटत होते की ती घरीच आहे. शेजारीण आपली किल्ली आणि पार्सले आणून द्यायची, "तुम्ही असताच ना." नणंद फोन करून बाजाराला चल म्हणायची. नाही म्हटले की म्हणायची, "अगं घरीच तर आहेस, बस काय तुझ्या खिडकीखालून सुटणारे?" धाकटीची मुलगी कॉलेजातून आली की खायला मागायची. धाकटी सगळ्यांना हो म्हणायची, आणि सगळ्यांना सॉरीही म्हणायची. साहेबांना कुकरच्या शिट्टीबद्दल सॉरी, मुलीला मीटिंगबद्दल सॉरी. नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने समुद्रात. त्यालाही फोनवर सॉरीच.

तिचे स्वतःचे जेवण म्हणजे ओट्याशी उभे राहून पातेल्यातून दोन चमचे. तेवढ्यात फोन वाजला की चमचा तिथेच. सकाळी अर्धवट खाल्लेला टोस्ट संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरशेजारी वाळत पडायचा. कामही संपायचे नाही. पूर्वी घरी आली की ती मला मोरीत घासायला टाकायची आणि म्हणायची, सुटले. आता घासायला डबाच नव्हता, तर सुटणार कशातून? आणि दाराशी येणारा तो प्रश्नही बंद झाला होता. दाराबाहेर कुणी जातच नव्हते, तर वडील तरी विचारणार कुणाला? ते खिडकीशी बसून तिच्याकडे बघत राहायचे.

असे दोन महिने गेले. पहिला मसुदा तपासायला डेपोंकडे गेला आणि एका दुपारी शिट्टीमामांचा फोन आला. ते आता डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्या बघत आणि त्यांचा आवाज फोनला स्पीकर नसतानाही घरभर ऐकू येई.

"पोरी, बावीस नंबरच्या ड्रायव्हरचं पोट कंपनीनं काढून घेतलंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी जो सीटवर बसवलायस, तो संध्याकाळीच उतरतोय. जेवायची सुट्टीच नाही. बघ बघ, कागद काढून बघ."

धाकटीने बघितले. खरेच नव्हती. जो अर्धा तास तिने भांडून मिळवला होता, तोच तिच्या हातून सुटला होता. आणि बस कुठली, तर तिच्या बाबांची. तिने मामांची माफी मागितली, फोन ठेवला आणि डोके धरून बसली. मला जमतच नाही, असे पुटपुटू लागली. ऑफिसात असताना अशी चूक कधी झाली नव्हती, साहेब म्हणतात तेच खरे, मीच कमी पडते, घरी बसून सुस्तावले आहे. मी कपाटाच्या बंद दाराआड होतो, नाहीतर आपण होऊन खाली उडी मारली असती.

खिडकीशी बसलेल्या वडिलांनी विचारले, "आज काय खाल्लंस?"

तिला आठवेना. तिने टोस्टकडे बघितले.

"मला एक सांग," वडील म्हणाले. "बावीसच्या ड्रायव्हरनं दिवसभर उपाशी राहून बस कुठं घासली असती, तर तू त्याला बोल लावला असतास?"

"त्याला कशाला? मी वेळापत्रकाला बोल लावला असता."

एवढे बोलून धाकटी थांबली. आपणच काय बोललो ते तिला ऐकू आले असावे. वडील उठले, त्यांनी तिच्या पुढ्यातला टोस्ट उचलला आणि टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाचे दार उघडले आणि धाकटीने स्टुलावर चढून मला खाली काढले. माझ्यावर धूळ होती. तिने मला घासले, खाली भात भरला, मधे भाजी, वर काकडीच्या चकत्या आणि अंडे. पोचा आल्यामुळे तिरका बसणारा कप्पा अंगठ्याने दाबून कडी लावली. मग केस विंचरले, बाहेरचे कपडे घातले, पायांत चपला सरकवल्या.

"आई, कुठे निघालीस?" मुलीने विचारले.

"ऑफिसला."

ती दाराशी गेली. तेव्हा खिडकीजवळून, कित्येक दिवसांनी, तो आवाज आला.

"डबा घेतलास का?"

"घेतला, बाबा."

आणि ती दार उघडून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत चालत गेली, परत आली आणि जेवणाच्या टेबलावर कामाला बसली. मला तिने कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी ठेवले. परत येताना वाटेत शेजारीण पार्सल घेऊन उभी होती. तिला धाकटीने गोड आवाजात सांगितले की आता मी कामावर आहे, संध्याकाळी आणा. शेजारीण चपलांकडे बघत राहिली आणि पार्सल घेऊन परत गेली.

पण खरी परीक्षा एक वाजता होती. मीटिंग सुरू होती. पडद्यावर विभागाची सगळी तोंडे आणि मधोमध साहेबांचे. साहेब नव्या पुलावरच्या बसबद्दल बोलत होते. घड्याळात एक वाजला. धाकटीचा हात माझ्या कडीवर होता.

"साहेब, एक वाजला. माझा डबा आहे."

साहेबांना नीट समजले नाही. "तुम्ही घरीच आहात ना?"

"घरी आहे, पण कामावर आहे. ऑफिसात असताना एक वाजता डबा होता, तो इथेही आहे. मसुद्यात बावीस नंबरची सुट्टी राहिली ती माझी चूक, साहेब. ती मी उपाशीपोटी केली. दोन वाजता मी परत येते आणि वेळापत्रक ठरल्या दिवशी तुमच्या हातात देते."

मग पडद्याच्या एका कोपऱ्यातून, ऑफिसात धाकटीशेजारी बसणाऱ्या बाईंचा आवाज आला. "माझापण डबा आहे, साहेब." मग आणखी एकाचा. मग कुणीतरी काही न बोलता कडीच उघडली आणि तो खटका मला या घरात बसून ऐकू आला. मित्रांनो, आरशासारखा चकाकत होतो तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा रिकामा पुडा पडलेला सगळ्यांना दिसत होता. ते म्हणाले, "ठीक आहे. दोन वाजता बोलू." आणि थोडे थांबून, "मीही बघतो घरात काय आहे ते."

धाकटीने मला उघडले. वडिलांना हाक मारली. पडदा बंद करून दोघे बसून जेवले, अगदी सावकाश.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ती कॉम्प्युटर मिटायची आणि मला मोरीत टाकायची. "सुटले," असे म्हणायची आणि खरोखरच सुटायची. कधी काम मनासारखे व्हायचे नाही. तेव्हा ती पूर्वीसारखी स्वतःवर कातावायची नाही. म्हणायची, आज पाळी अवघड होती. जे एखाद्या ड्रायव्हरला म्हणाली असती, तेच.

वेळापत्रक ठरल्या दिवशी तयार झाले. पूल सुरू झाला त्या दिवशी पहिली बस वेळेवर सुटली, मागून दुसरी, तिसरी, आणि शिट्टीमामांनी डेपोतून फोन करून नुसतीच लांबलचक शिट्टी वाजवली. वडील म्हणाले, मला बावीसमध्ये बसायचंय. धाकटीने मला भरले आणि तिघे निघालो. वडील ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि मला मांडीवर घट्ट धरले. पुलावरून शहर दिसत होते, पण ते बघत होते ड्रायव्हरचे हात.

शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद झाले. तरुण ड्रायव्हर खाली उतरला, झाडाखालच्या बाकावर बसला आणि त्याने आपला डबा उघडला. वडील त्याच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी माझी कडी काढली.

"निवांत जेवायला वेळ आहे का रे तुला?" त्यांनी विचारले.

"आहे की, आजोबा. अर्धा तास आहे ना."

वडिलांनी धाकटीला बाकावर जागा करून दिली आणि पहिला घास तिच्या पुढ्यात धरला.

पुढे विभाग मोडला नाही. कचेरीची इमारत दुरुस्त झाली, पण धाकटीने अर्धा आठवडा घरूनच काम मागून घेतले आणि पुढे ती विभागप्रमुख झाली. साहेब निवृत्त झाले, ते आता भाजी करायला शिकले आहेत असे ऐकतो. शिट्टीमामा नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवतात आणि ड्रायव्हरला सूचना देतात. शेजारीण पार्सले संध्याकाळीच आणते. नणंद स्वतः घरून शिकवण्या घेऊ लागली, आता ती दुपारचा फोन उचलत नाही. वडील गेले, चार वर्षे झाली. अगदी शेवटच्या दिवसांतही दार वाजले की ते तोच प्रश्न विचारत.

मुलगी आता दुसऱ्या शहरात एका छोट्या खोलीत घरूनच नोकरी करते. जाताना आईने तिला नवा डबा देऊ केला. तिने मलाच मागून घेतले. माझी सैल कडी आता रबराने बांधलेली असते. रोज सकाळी फोन वाजतो आणि धाकटी विचारते, "डबा घेतलास का?"

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणी कचेरीत काम कराल, कुणी घरात. माझे एवढे ऐका. दुसऱ्याच्या भुकेची जेवढी काळजी घ्याल, तेवढीच स्वतःच्या भुकेची घ्या. सकाळी आपला डबा आपल्यासाठी भरा, वेळ झाली की बसून उघडा, आणि संध्याकाळी तो घासून पालथा घाला. मला उठायला हवे आता. एक वाजत आला, आणि ती पोरगी कडीवरचे रबर काढते आहे.