कोऱ्या पट्ट्यांचा शब्दकोश

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे सोनेरी नाव कधीच झिजून गेले. त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुना शब्दकोश आहे. वजन साडेचार किलो. एका हाताने मला उचलायला जाणारा माणूस लगेच दुसरा हात लावतो.

छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर बोटांनी उचलून माझी पाने जुळवली गेली. पानावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. तिथून मी या वाचनालयात आलो. काय थाट होता तेव्हा माझा! शब्दावरून वाद घालत दोघे जण तावातावाने यायचे, मला उघडायचे आणि हरलेला जिंकलेल्याला चहा पाजायचा. "कोश काय म्हणतो?" एवढे विचारले की सगळे गप्प.

पुढे अर्थ लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये मिळू लागले. खिडकी आपटू नये म्हणून तिला टेकण लावायच्या कामापुरता मी उरलो. वाऱ्याने पाने फाटली. शेवटी ग्रंथपालबाईंनी मला बाइंडरकाकांकडे दुरुस्तीला पाठवले.

फाटलेल्या पानावर आरपार दिसेल असा पातळ कागद चिकटवायचा असतो. काकांच्या एका डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. त्यावर पट्टी होती, पण काम थांबवतील तर ते काका कसले! 'भ'च्या बारा पानांवर त्यांनी चुकून जाड पांढऱ्या पट्ट्या लावल्या. शब्द राहिले, अर्थ झाकले गेले.

"काका, हे काय करून ठेवलंत?" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"चुकलंच, बाई. पण आता सोलायला गेलो तर अक्षरंही निघून येतील. खळ माझ्या हातची आहे, सुटायची नाही."

"यातही कौतुक! अर्थ नसलेल्या कोशाचं मी काय करू? शनिवारी रद्दीवाला येणार आहे, त्याला देऊन टाकते."

त्यांनी मला दाराजवळ जमिनीवर ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या साडेचार किलोंना काही वजनच उरले नाही.

शेजारच्या शिवणकामाच्या दुकानात काम करणाऱ्या एकीची मुलगी रोज संध्याकाळी आईची वाट बघत वाचनालयात बसे. दिसेल त्याला प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला 'चौकशी' म्हणत. ती आधी चक्क माझ्यावरच बसली. मग खाली उतरून तिने मला उघडले. नेमके 'भ'चे पान निघाले.

बाइंडरकाका काही उपाय निघतो का ते बघायला आले होते. तिने त्यांनाच गाठले.

"काका, भिंगुळवाणं म्हणजे काय हो?"

"माझी शाळा चौथीपर्यंत, बाळा. ऐकून तुला काय वाटतं?"

चौकशीने बराच वेळ पेन्सिल चावली आणि कोऱ्या पट्टीवर लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने आणखी चार मुले आणली. 'भोवंड' या शब्दापुढे एकाने लिहिले, "आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात तेव्हा डोक्यात जे फिरतं ते." 'भेंडोळे' पुढे उमटले, "न आवडणारी भाजी ताटाच्या कडेला लपवताना होणारा डोंगर."

शुक्रवारी बाईंनी त्यांना पकडले. "अगं, कोशात कुणी मनाचं लिहितं का?"

"मग खरं कुठे लिहिलंय, ते दाखवा ना," चौकशी म्हणाली.

बाई रागानेच खाली वाकल्या. भिंगुळवाणेपुढे लिहिले होते, "आई अजून आलेली नाही आणि दिवाही लावलेला नाही, तेव्हा घर दिसतं तसं." त्या तिथेच, जमिनीवर माझ्याजवळ बसल्या. मग मुलांकडून कपाटातला नवा कोश आणवून त्यांनी मोठ्याने वाचले, "उदास, ओसाड."

"म्हणजे माझं बरोबर आलं?" चौकशीने विचारले.

"बरोबर आहेच. शिवाय या नव्या कोशापेक्षा लवकर कळतंय," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी पेन काढले आणि पेन्सिलच्या ओळीखाली शाईने खरा अर्थ लिहिला. 'भोवंड' खाली चक्कर, 'भेंडोळे' खाली कागदांची गुंडाळी. शनिवारी रद्दीवाला नुसती वर्तमानपत्रे घेऊन गेला.

आता मी खालच्या फळीवर असतो, म्हणजे लहानांचा हात पोहोचतो. आधी मुलांचा अंदाज पेन्सिलने, मग शोधलेला अर्थ शाईने, असा नियम आहे. पट्ट्या भरत आल्या तशी मुले कुरकुरू लागली. बाइंडरकाका म्हणाले, "घाबरू नका, पुढच्या वेळी 'ठ' चुकवतो!" बाईंनी डोळे वटारले, पण हसू काही लपले नाही.

मित्रांनो, अनोळखी शब्द भेटला तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा, त्याचा अर्थ काय असेल ते मनात रंगवा आणि मग खरा अर्थ जरूर शोधा. तेवढ्या ओळखीवर तो शब्द आणखी शंभर वर्षे जगतो. आणि पान उलटताना बोटाला थुंकी तेवढी लावू नका. या वयात मला ओल सोसत नाही.