तीस देशांचा तक्ता

मोन्तेविदेओ शहरातल्या कर्करोग नोंदणी कार्यालयात झुल्माची बावीस वर्षं गेली होती. तिने तीस देशांचा तक्ता केला होता. ज्या देशांत बायकांना मुलं जास्त, तिथे अंडाशयाचा कर्करोग कमी आढळत होता. झुल्माला मूलबाळ नव्हतं, म्हणून ती दरवर्षी धास्तावून तपासणी करून घ्यायची.

धाकटी बहीण मिर्ता दूरच्या ताकुआरेम्बो गावात राहायची. तिला पाच मुलं. मार्चमध्ये ती फोनवर म्हणाली, "ताई, पोट सारखं फुगतंय गं. दोन घास खाल्ले की गच्च होतं."

"दिवसभर त्या कडू माते-चहाबरोबर बिस्किटं चरतेस, दुसरं काय होणार?" झुल्मा हसली. "आणि भलतंसलतं मनात आणू नकोस. पाच बाळंतपणं झालीत तुझी. काळजी मी करायची."

ऑगस्टमध्ये गावोगावच्या प्रयोगशाळांचे अहवाल नोंदवताना एक कागद हाती आला. अंडाशय, तिसरा टप्पा, वय एक्कावन्न. मग नाव. तिने जन्मतारीख पाहिली, पुन्हा नाव वाचलं. शेजारच्या टेबलावरची ओफेलिया काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. झुल्मा भर हिवाळ्यात कोटही न घेता बसस्थानकावर गेली.

मिर्ता इस्पितळात होती. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझा कागद माझ्याच टेबलावर आला. मला कळवलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. मार्चमध्ये." मिर्ताच्या आवाजात राग नव्हता. "तू म्हणालीस भलतंसलतं मनात आणू नकोस, मग मी जुलैपर्यंत डॉक्टरकडे फिरकलेच नाही."

झुल्मा पलंगाच्या कडेला टेकली.

"तक्त्यातला तो हिशोब देशांचा होता गं. तेवढ्यावरून एकेका बाईचं काही सांगता येत नाही. कार्यालयातल्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते."

"मग मला का नाही शिकवलंस?"

नंतर डॉक्टर म्हणाले, मिर्ता मार्चमध्ये आली असती तरी रोग बहुधा पसरलेलाच असता. झुल्माने मान हलवली, पण तो 'बहुधा' तिच्या गळी उतरला नाही.

तिने रजा टाकली आणि केमोच्या औषधांचे सहाही फेरे होईपर्यंत तिथेच राहिली. मिर्ता वाचली, निदान त्या वर्षी तरी. मार्चचा विषय तिने पुन्हा काढला नाही. झुल्मा वाट बघत होती, कधीतरी काढेल म्हणून.