ओळखीचा पेशंट

तातडीच्या विभागात तिला सगळे ‘तराजू’ म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठीमागे तराजू. आणि हे तिला ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नावाला कारण तिचं संशोधन. दारातून आलेल्या माणसाची नाडी, रक्तदाब, श्वास, ताप एवढं संगणकात भरलं की पुढच्या काही तासांत हा बिघडेल की सावरेल, याचा अंदाज तो रंगात सांगायचा. लाल, पिवळा नाहीतर हिरवा. जुन्या रुग्णांच्या माहितीवर तिने तो हिशेब घासूनपुसून तयार केला होता आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा.

बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, आणि तिचं डोकं नेमकं तिथेच अडकलं. चुकलेले अंदाज घेऊन ती बसली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट हाती लागली. मजेशीर कसली, अंगावर काटा आणणारी! चुकलेल्यांत बरेचसे ओळखीचे निघाले. कुणा डॉक्टरचा मेहुणा, कुणा सिस्टरची मावशी, कुणा विश्वस्ताचे व्याही. आपला माणूस आला की त्याला दारातल्या मोजणीच्या खुर्चीत कोण बसवणार? त्याला थेट केबिन, वर पंखा, हातात चहा. घरच्या सगळ्यांची चौकशी व्हायची, फक्त नाडी नीट बघायची राहून जायची आणि संगणकात अंदाजाचेच आकडे पडायचे. तिने बैठकीत स्पष्टच सांगितलं, “मायेपोटी आपण आपलीच माणसं घालवतोय.”

विभागप्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण आकड्यांपुढे कोण काय बोलणार? नियम झाला. कोणीही येवो, आधी खुर्ची, मग नातं. पिवळा रंग आला तर थोड्या वेळाने सगळं पुन्हा मोजायचं, अगदी न चुकता.

नियम दुसऱ्यांना लावायला काय जातं! एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. “बाबांच्या छातीत जळजळतंय. घेऊन येतोय.”

सासरे आले ते कडक इस्त्रीच्या शर्टात. निवृत्त मुख्याध्यापक, आजारपणातही नीटनेटके. “पित्त आहे गं,” ते म्हणाले. “तुझ्या नवऱ्याला उगाच घाई.” बोलताना त्यांचा तळहात मात्र छातीवर फिरत होता.

ड्यूटीवरची दुसरी डॉक्टर, तिची मैत्रीण, लगबगीने पुढे आली. “अगंबाई, बाबा! थांब, केबिन उघडते.”

“नको. खुर्ची,” ती म्हणाली.

नवऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “अगं, बाबा आहेत ते!”

“म्हणूनच. बाबा, इथे बसा.”

मुख्याध्यापक बसले. उभ्या जन्मात त्यांनी लोकांना बसवलं होतं. आपल्याला कुणी बसवण्याची ही पहिलीच वेळ असावी. सिस्टरने सगळं मोजलं, ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं. ईसीजी स्वच्छ होता. रंग पिवळा.

शेजारच्या खुर्चीत एक ट्रक ड्रायव्हर होता. पोतं उचलताना पाठीत उसण भरली म्हणत होता आणि सिस्टरला हसवत होता. त्याची नाडी मात्र पळत होती, रक्तदाब खाली गेला होता. रंग लाल. आत एकच पलंग रिकामा होता.

“यांना आत घ्या,” तिने ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

नवऱ्याचा आवाज चढला. “तो विनोद सांगतोय आणि माझा बाप छाती चोळतोय! तुझं यंत्र आंधळं आहे का?”

“नात्यापुरतं आहे. तेवढ्यासाठीच आणलंय.”

बोलली ठामपणे, पण नजर पुन्हा सासऱ्यांच्या छातीवरच्या हाताकडे गेली. पुढच्या शिक्षणाच्या काळात ती रुग्णालयात राबत असताना तान्ह्या नातवाची दुपटी बदलणारा हा माणूस. आज आपलं काही चुकलं, तर घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि हा माणूसही उरणार नाही. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण हिशेबात खोट नव्हती, आणि ती जागची हलली नाही.

ड्रायव्हरची पाठ पलंगाला टेकते न टेकते तोच त्याचे डोळे फिरले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. उसण कसली नि काय! सगळे हाताशीच होते, म्हणून धावपळ कामी आली. त्याला तसंच शस्त्रक्रियेला नेलं. दारात उभ्या नवऱ्याने हे सगळं पाहिलं आणि तो बापाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला.

तेवढ्यात सासऱ्यांच्या दुसऱ्या मोजणीची वेळ झाली. सिस्टरने पुन्हा ईसीजी काढला आणि कागद तिच्यापुढे धरला. मघाची रेघ आता वर चढली होती. हृदयाची वाट तुंबत होती. केबिनमध्ये चहा पिणाऱ्या माणसाचा दुसरा ईसीजी कुणी काढला असता?

“पित्तच असणार,” सासरे अजून म्हणत होते.

“बाबा, आता आत चला.” मग ती मैत्रिणीकडे वळली. “पुढचं तू बघ. मी आता फक्त सून आहे.” आणि सासऱ्यांच्या चपला हातात घेऊन ती बाहेर उभी राहिली. तुंबलेली वाट वेळेत मोकळी झाल्याचा निरोप आला, तेव्हा ती त्या चपला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडली.

पुढे दोघांनाही एकाच वॉर्डात हलवलं, पलंगही शेजारी. एका संध्याकाळी ती सासऱ्यांना भेटायला गेली, तर ड्रायव्हरची बायको त्यांना मोसंबी सोलून देत होती.

“आम्हाला इथे कुत्रंही ओळखत नाही हो,” ती बाई सांगत होती. “मला वाटलं, आमच्यासारख्यांना कोण विचारतंय! पण यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं. देवमाणसं आहेत. तुमचं आहे का इथे कोणी ओळखीचं?”

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मोसंबीची फोड तोंडात टाकली, सावकाश खाल्ली.

“आहे ना,” ते म्हणाले. “चांगली घरातलीच आहे. पण ऐन वेळी तिने ओळखच दाखवली नाही. म्हणून तर वाचलो.”

बाईला काही कळलं नाही. तिने हळहळून आणखी एक फोड त्यांच्या हातावर ठेवली.